क्लच दाबल्यावर येणारा आवाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लच दाबला की चीं चीं आवाज येतो. शोध कुठून सुरू करायचा?

इंजिन बंद करून. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकाला उटी (दगड किंवा लाकडी ठोकळा) लावा आणि गिअर न्यूट्रलला ठेवा. आता इंजिन बंद असतानाच क्लचचं पेडल दहा-बारा वेळा हळूहळू खालपर्यंत दाबा आणि सोडा. आवाज आला, तर तो फिरणाऱ्या भागाचा नाही, कारण यावेळी काहीच फिरत नाहीये. मग बिघाड पेडल, केबल, मास्टर सिलिंडर (हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडलमागे असतो) किंवा फोर्क (गिअरबॉक्सच्या आवरणातला दुबेळका लिव्हर) यांपैकी कुठेतरी असतो. इंजिन बंद असताना सगळं शांत आणि चालू केल्यावरच आवाज येत असेल, तर संशय बेअरिंगवर जातो.

या चाचणीला पाच मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत. तरीही बहुतेक जण ती करत नाहीत. गॅरेजमध्ये जाऊन ‘क्लचचा आवाज येतोय’ एवढंच सांगतात, आणि पेडलच्या कोरड्या बुशसाठी (बोल्टभोवतीच्या छोट्या नळीसाठी) गिअरबॉक्स खाली उतरतो.

इंजिन बंद असतानाही आवाज येतो. क्लच प्लेट गेली का?

नाही. क्लच प्लेट म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी तबकडी. ती गेल्याची लक्षणं वेगळी असतात: चढावर ॲक्सिलरेटर दिला की इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी उचल घेत नाही, जळका वास येतो, पेडल अगदी वर आल्यावर क्लच पकडतो. इंजिन बंद असताना येणारा चीं चीं किंवा करकर आवाज म्हणजे कुठेतरी दोन कोरडे भाग एकमेकांवर घासतायत.

आता एकाला पेडल दाबायला बसवा आणि दुसऱ्याने कान लावावा, आधी पेडलच्या वरच्या बाजूला डॅशबोर्डखाली, मग बोनेट उघडून. कानावर फार भरवसा ठेवू नका. केबलचा आवाज पत्र्यातून आत येतो आणि पेडलमधूनच आल्यासारखा वाटतो. बोटं जास्त खरं सांगतात. पेडलचा ब्रॅकेट, केबलचं बाहेरचं आवरण, गिअरबॉक्सवरचा क्लचचा लिव्हर यांवर एकेक करून बोट टेकवा. जिथे आवाजाबरोबर बारीक थरथर जाणवते, तिथे घासतंय.

पेडलचा आवाज घरच्या घरी घालवता येतो का?

येतो, आणि यातलं सगळ्यात समाधान देणारं काम हेच. लागतं काय? टॉर्च, नळी असलेला स्प्रे, जुनं फडकं, थोडं सिलिकॉन ग्रीस किंवा पांढरं लिथियम ग्रीस.

ड्रायव्हरची सीट पूर्ण मागे ढकला आणि मॅट बाहेर काढा. मॅटच पेडलला घासत असेल तर काम तिथेच संपलं. पाठीवर झोपून वर पाहिलं की आवाज करू शकणाऱ्या चार-पाच जागा दिसतात:

- पेडल ज्या बोल्टवर झुलतं, त्याच्या दोन्ही बाजूंचे नायलॉनचे बुश
- रिटर्न स्प्रिंगची दोन्ही टोकं
- पेडलला मदत करणारी जाड स्प्रिंग (सगळ्या गाड्यांत नसते) आणि तिच्या प्लास्टिकच्या खोबण्या
- केबलचा हूक, किंवा हायड्रॉलिक असेल तर मास्टर सिलिंडरच्या दांड्याची पिन
- पेडलच्या वरच्या टोकाला असलेला स्विच आणि रबरी स्टॉपर

इथे घाई करून सगळीकडे स्प्रे मारू नका. एका जागी एकच थेंब सोडा, पेडल दहा वेळा दाबा, ऐका. आवाज तसाच असेल तर पुढची जागा. ज्या थेंबानंतर आवाज थांबला, ती जागा सापडली. सगळीकडे एकदम मारलं तर आवाज थांबतो खरा, पण कशाने थांबला ते कळत नाही, आणि आठवड्याने तो परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

जागा सापडली की ती फडक्याने कोरडी पुसा आणि वाटाण्याएवढं ग्रीस चोळून भरा. पेडल हाताने डावी-उजवीकडे हलवून पाहा. कटकट हलत असेल तर बुश झिजलाय आणि ग्रीस फार दिवस टिकणार नाही. बुश तसा स्वस्तातला भाग आहे, पण काढण्याआधी बोल्ट नीट बघा. अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेकची पेडलं एकाच बोल्टवर असतात. तसं असेल तर तो बोल्ट घरी काढू नका. जाड मदतनीस स्प्रिंगलाही हात लावू नका, ती दाबाखाली असते आणि सुटली तर बोटं ठेचते. ग्रीसचा हात पेडलच्या रबरावर किंवा ब्रेकच्या स्विचवर लागू देऊ नका.

डब्ल्यूडी-४० मारलं. दोन दिवस बरं होतं, पुन्हा आवाज सुरू झाला.

होणारच. तो पातळ स्प्रे गंज सैल करायला आणि ओल घालवायला चांगला. तो स्वतः उडून जातो, आणि जाताना बुशमध्ये असलेलं जुनं ग्रीसही विरघळवून धुऊन नेतो. जागा शोधण्यासाठी वापरा, मग पुसून ग्रीस लावा. इंजिन ऑइल, खोबरेल तेल, शिलाई मशीनचं तेल यांचं वेगळंच दुखणं आहे: धूळ धरतात आणि दोन महिन्यांत काळी पेस्ट होते.

आवाज बोनेटखालून, केबलच्या बाजूने येतोय.

आल्टो, वॅगनआर यांसारख्या मारुतीच्या लहान गाड्यांत क्लच केबलने चालतो. गॅरेजमध्ये हिलाच क्लच वायर म्हणतात. पेडल हळूहळू जड होत गेलं असेल आणि सोबत करकर येत असेल, तर वायरच दोषी असण्याची शक्यता जास्त.

खात्री करायची पद्धत सोपी आहे. गिअरबॉक्सच्या टोकाला वायरवर ॲडजस्टिंग नट असतो. तो किती आटे बाहेर आहे ते आधी मोजून ठेवा, मग ढिला करून वायर लिव्हरमधून सोडवा. आतली तार हाताने मागे-पुढे ओढा. ती एकसारखी सरकली पाहिजे. मध्येच अडकत असेल, खरखर लागत असेल किंवा एखादा धागा तुटलेला दिसत असेल, तर वायर बदला. आता वायर सुटलेलीच आहे, तर गिअरबॉक्सचा लिव्हरही हलवून घ्या. सुरुवातीचा मोकळा भाग हाताने हलतो, पुढे प्रेशर प्लेटचा (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाचा) दाब लागला की लांब पान्याचा आधार घ्यावा लागतो. आवाज तिथे आला, तर वायर निर्दोष आणि बिघाड आतल्या फोर्कचा.

वायरमध्ये तेल सोडावं का? कंपनीच्या बहुतेक वायरींना आतून नायलॉन किंवा टेफ्लॉनचं अस्तर असतं. त्यात तेल गेलं की धूळ चिकटते आणि वायर आणखी जड होते. आवाज करणारी वायर बदलणंच बरं. नवी बसवताना जुनीच वाट ठेवा. वळण आवळलं किंवा वायर एक्झॉस्टला टेकली, तर अस्तर वितळून नवी वायरही काही महिन्यांत आवाज करू लागते.

वायर बसवल्यावर फ्री प्ले किती ठेवायचा?

बहुतेक गाड्यांत पेडलवर १० ते २० मिमीच्या दरम्यान असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो आणि तोच पाळायचा. मोजपट्टी जमिनीपासून पेडलपर्यंत उभी धरा आणि पेडल एका बोटाने दाबा. हलकं हलणं संपून जडपणा लागेपर्यंतचं अंतर म्हणजे फ्री प्ले.

फ्री प्ले शून्य ठेवला तर रिलीज बेअरिंग (क्लच सोडवताना प्रेशर प्लेटला ढकलणारं बेअरिंग) कायम दाबाखाली फिरत राहतं आणि प्लेट घसरते. जास्त ठेवला तर क्लच पूर्ण सुटत नाही, मग रिव्हर्स टाकताना कर्रर्र. नवी वायर सुरुवातीला थोडी बसते, म्हणून दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा मोजा.

आमच्या गाडीत वायर नाही, हायड्रॉलिक क्लच आहे.

मग पेडलच्या मागे मास्टर सिलिंडर आणि गिअरबॉक्सवर स्लेव्ह सिलिंडर असतो. पेडल वर येताना बारीक कुंई असा आवाज येत असेल, तर मास्टर सिलिंडरचं रबरी सील कोरडं पडलंय किंवा सुजलंय. डॅशबोर्डखाली, दांडा जिथे सिलिंडरमध्ये शिरतो तिथलं रबरी बूट बाजूला करून बोट फिरवा. बोट ओलं झालं तर सील गळतंय आणि सिलिंडर बदलायची वेळ आलीय.

सिलिंडरमध्ये तेल किंवा साधं ग्रीस कधीच घालू नका. खनिज तेलाने ब्रेक फ्लुइडची रबरं फुगतात. फ्लुइड टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असेल तेच, बहुतेक वेळा डॉट ३ किंवा डॉट ४. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळायचं नसतं. फ्लुइड हवेतली ओल शोषतो, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावा. कोकणातल्या दमट हवेत तर ही मुदत अजिबात लांबवू नका. आणि हो, रंगावर सांडला तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग उठतो.

अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेकची टाकी एकच असते. त्यामुळे क्लचच्या गळतीकडे केवळ आवाजाची कटकट म्हणून पाहू नये.

फोर्कचा आवाज म्हणजे नेमकं काय?

गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या आवरणात एक फोर्क असतो. तो एका गोल टोकाच्या खुंटीवर झुलतो आणि रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो. त्या खुंटीवरचं ग्रीस वाळलं की लोखंडावर लोखंड घासतं आणि पेडल दाबताना-सोडताना जुन्या दाराच्या बिजागरीसारखी कुरकुर येते. इंजिन चालू-बंद कसंही असो, आवाज तोच. मारुतीच्या लहान गाड्यांत खुंटीऐवजी बुशमध्ये फिरणारा उभा शाफ्ट असतो. त्याच्या वरच्या बुशमध्ये पाणी आणि धूळ शिरते, मग गंजामुळे आवाजही येतो आणि पेडलही जड होतं.

शाफ्टच्या वरच्या बुशपर्यंत बाहेरून पोचता येतं. गंज सोडवणारा स्प्रे, वीस-पंचवीस वेळा लिव्हर हलवणं, मग ग्रीस. याने बऱ्याचदा काम होतं. खुंटीचं मात्र तसं नाही. फोर्कभोवतीचं रबरी बूट बाजूला केल्यावर खुंटी टॉर्चने स्पष्ट दिसत असेल, तरच लांब नळीने मॉलिब्डेनम ग्रीसचा अगदी थोडा स्प्रे तिच्यावर सोडा. दिसत नसेल तर आत अंदाजाने फवारणी नको. एक फवारा प्लेटवर गेला की आवाज जाईल, पण क्लच घसरायला लागेल. त्यापेक्षा कुरकुर सहन करा आणि पुढे कधी गिअरबॉक्स उतरेल तेव्हा खुंटी साफ करून ग्रीस लावून घ्या. केवळ या आवाजासाठी गिअरबॉक्स उतरवणं आम्हाला पटत नाही. पेडल अडकायला लागलं तर गोष्ट वेगळी.

इंजिन चालू असतानाच आवाज येतो. कुठलं बेअरिंग?

गाडी न्यूट्रलला, इंजिन आयडलवर, एसी बंद, खिडक्या बंद.

पाय पेडलवर नसताना शांतता, पेडल थोडं दाबून जडपणा लागला की सर्र किंवा चीं, आणि जास्त दाबलं की आवाज वाढतो: रिलीज बेअरिंग. सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार हाच.

याच्या उलट, पाय वर असताना घरघर आणि क्लच पूर्ण दाबल्यावर ती विरून जाते: गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (इंजिनाकडून ताकद आत नेणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग. क्लच सुटला की शाफ्ट थांबतो म्हणून आवाज थांबतो. गिअरबॉक्स उघडायची भाषा करण्याआधी गिअर ऑइलची पातळी बघा. ऑइल कमी असेल तर आधी ते भरून, गळती कुठे आहे ते शोधायचं.

इथे एक फसगत होते. पाय वर असताना येणारा आवाज पेडलला पाय नुसता टेकवल्यावरच थांबत असेल, तर तो इनपुट शाफ्टचा नाही. रिलीज बेअरिंग किंवा फोर्क सैल वाजतोय आणि हलक्या दाबाने स्थिर होतोय. या दोन प्रकारांतला फरक न केल्यामुळे चांगले गिअरबॉक्स विनाकारण उघडले जातात.

चौथा प्रकार मागच्या चाकांवर चालणाऱ्या, इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेल्या गाड्यांचा: गाडी उभी, क्लच पूर्ण दाबलेला, पहिला गिअर टाकलेला, आणि तेव्हाच तीक्ष्ण किंकाळी. हे फ्लायव्हीलच्या (इंजिनाला जोडलेल्या जड चाकाच्या) बाजूचं पायलट बेअरिंग. आडव्या इंजिनाच्या बहुतेक फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांत ते नसतंच, तेव्हा कोणी आल्टोचं पायलट बेअरिंग गेलं म्हणत असेल तर जरा थांबा.

आवाज करणाऱ्या रिलीज बेअरिंगवर गाडी किती चालेल?

सांगता येत नाही, म्हणूनच टाळाटाळ नको. नुसती सर्र सर्र असेल तर काही जणांच्या गाड्या महिनोन्महिने चालतात. पण आवाज खरखरीत झाला, पेडलला थरथर लागू लागली किंवा गिअर अडायला लागले, तर लांबचा प्रवास नको. बेअरिंग जाम झालं की ते प्रेशर प्लेटच्या पाकळ्या कापतं, मग क्लच सुटतच नाही. कसारा किंवा आंबेनळी घाटात हे झालं तर टोइंगशिवाय इलाज नाही.

तोवर सिग्नलला क्लच दाबून थांबू नका, न्यूट्रलला टाका. बेअरिंग दाबलेल्या वेळेतच झिजतं.

फक्त बेअरिंग बदललं तर चालणार नाही का?

प्लेट अलीकडेच बदलली असेल तर चालेल. नाहीतर हिशेब साधा आहे. खर्चाचा मोठा वाटा गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याच्या मजुरीचा असतो आणि ती दोन्हीकडे सारखीच. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा पूर्ण संच मिळतो. व्हॅलिओ, लुक, एक्सेडी, सॅक्स हे बाजारात सहज मिळणारे ब्रँड. एक्सेडीचा कारखाना तर छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीतच आहे.

प्लेट ठेवायची की नाही हे मोजून ठरवा. अस्तराच्या पृष्ठभागापासून रिव्हेटचं डोकं किती खोल आहे ते बघतात. ०.३ ते ०.५ मिमीच्या आसपास आलं की प्लेट संपली. जुनं बेअरिंग पेट्रोल-डिझेलमध्ये धुऊन पुन्हा बसवणारे अजूनही भेटतात. ते बंदिस्त असतं. धुतल्यावर आतलं ग्रीस जातं आणि नवं भरायला वाट नसते.

नवा क्लच बसवला आणि आता आवाज सुरू झाला!

बहुतेक वेळा जोडणीत काहीतरी राहिलंय. जे नेहमी राहतं ते असं.

बेअरिंग ज्या नळीवर सरकतं तिच्यावर जुनी खाच पडलेली असते आणि ती तशीच ठेवली जाते. नवं बेअरिंग त्या खाचेत अडखळतं, वाजतं. फोर्कवर बेअरिंग धरणारी क्लिप नीट बसलेली नसते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या मार्गदर्शक पिना हरवतात, कोणी शोधत नाही, आणि दोघांचे अक्ष केसभर सरकतात. बाहेरून काही दिसत नाही, पण बेअरिंग पाकळ्यांवर तिरकं फिरून चिवचिव करतं.

प्रेशर प्लेटचे बोल्ट एका बाजूने आवळत नेले तर झाकण वाकतं. ते समोरासमोर, प्रत्येकी एक-दोन आटे असे फिरत आवळायचे. ८ मिमीच्या बोल्टला शेवटचा टॉर्क साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकातला घ्यायचा. गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन प्लेटच्या हबवर लटकू दिलं तर प्लेट वाकते, हे सगळ्यात वाईट, कारण पुन्हा उतरवल्याशिवाय दुरुस्ती नाही.

ग्रीसचाही घोळ होतो. इनपुट शाफ्टच्या दात्यांवर (स्प्लाइनवर) पातळसा थर लावून हब एकदा सरकवायचा आणि बाहेर आलेलं ग्रीस पुसून टाकायचं. जास्त राहिलं तर फिरताना उडून प्लेटवर जातं. निकेलचा मुलामा असलेल्या हबला ग्रीस लावायचंच नसतं.

आवाज फक्त पावसाळ्यात, सकाळी पहिल्यांदा येतो.

रात्रभर ओल धरून फ्लायव्हीलवर आणि प्रेशर प्लेटवर गंजाचा पातळ थर येतो. पाच-दहा वेळा गाडी उचलली की तो घासून जातो. त्याची चिंता नको. पण गाडी गुडघाभर पाण्यातून गेली असेल तर फोर्कचं रबरी बूट तपासा. फाटलेलं असेल तर चिखल आत जातो. हे बूट उंदीरही कुरतडतात. भाग छोटासाच आहे, पण तो नसला तर रिलीज बेअरिंग लवकर जातं.

क्लच दाबला की आवाज इंजिनाच्या पुढच्या बाजूने, बेल्टजवळून येतो.

बेल्टवर थोडं पाणी शिंपडा. आवाज क्षणभर बदलला तर बेल्टचाच आहे. बदलला नाही, तर मेकॅनिकला क्रँकची पुली दाखवा. क्लच दाबल्यावर क्रँकशाफ्टवर पुढच्या दिशेने जोर येतो. हा जोर झेलणारे थ्रस्ट वॉशर झिजले असतील तर पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढे-मागे सरकते. क्वचितच होतं, पण झालं असेल तर ते इंजिनाचं काम आहे. नवा क्लच घालून काही फरक पडणार नाही.

गाडी उचलताना आवाज आणि थरथर, एकदा पळायला लागली की काही नाही.

प्लेट चकाकलीय, किंवा तिच्यावर तेल आलंय. तेल असेल तर ते क्रँकच्या मागच्या सीलमधून किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट सीलमधून येतं. सील न बदलता नवी प्लेट टाकली तर तीही खराब होणार. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक भेगा असतील तर तेही तासून घ्या, नाहीतर बदला. आतली धूळ एअर गनने उडवू देऊ नका. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसायची.

गॅरेजमध्ये काय सांगायचं?

आवाज कधी येतो ते: इंजिन बंद असताना की चालू, पेडल दाबताना, सोडताना की दाबून धरल्यावर, थंड असताना की गरम. मोबाइलवर रेकॉर्ड करून नेलं तर उत्तम, कारण गॅरेजच्या दारात आवाज हमखास गप्प बसतो. काम झाल्यावर जुने भाग परत मागा. बेअरिंग हातात धरून फिरवलं की त्याची खरखर तुम्हालाही कळते.

एएमटी (गिअर आपोआप बदलणाऱ्या) गाडीत पेडलच नाही. तिथे हा प्रश्न येतो का?

येतो. एएमटीमध्ये प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग मॅन्युअलसारखीच असतात, फक्त पायाऐवजी ॲक्चुएटर (क्लच दाबणारं यंत्र) काम करतो. बेअरिंगचा आवाज तसाच ओळखायचा: डी मध्ये ब्रेक दाबून उभं असताना क्लच सुटलेला असतो, न्यूट्रलला बहुतेक गाड्यांत तो जोडला जातो. दोन्हीकडे आवाजात फरक ऐका. दुरुस्तीनंतर मात्र स्कॅनर लावून क्लचचं लर्निंग (क्लच कुठे पकडतो ते गाडीच्या संगणकाला पुन्हा शिकवणं) करून घ्यावं लागतं. ती सोय ज्या गॅरेजकडे नाही, तिथे एएमटीचा क्लच उघडायला देऊ नका.